पिन तुटली नाही

इंजिन चालू होतं. बाबारावांची सगळी अडचण तीच होती.

बंद पडलेल्या इंजिनाचं बरं असतं. माणूस त्याला लाथ घालतो, शिवी देतो, मेकॅनिकला फोन लावतो आणि घरी जाऊन झोपतो. पण मोहगव्हाणच्या नावेच्या पाठीला अडकवलेलं ते रंग उडालेलं इंजिन रोज सकाळी दोरी ओढली की खोकायचं, निळा धूर सोडायचं आणि निघायचं. घरातला म्हातारा कसा रोज मरणाच्या गोष्टी करतो आणि जेवायला सगळ्यांच्या आधी पाटावर येऊन बसतो, तसं. बाबारावांना हे बघवत नसे. इतकं जुनं असून चालतं म्हणजे आतून कुठेतरी दगा आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत उभी नोकरी परीक्षानळ्या धुण्यात गेली की माणसाला सिद्धांत सुचायला लागतात.

हे मोहगव्हाण म्हणजे नवं, पुनर्वसनाचं. जुनं धरणात आहे. गाव बुडवताना सरकारनं पलीकडे जायला पूल देतो म्हणून सांगितलं होतं. भूमिपूजनाचा दगड बसला, पूल काही बसला नाही. त्या दगडावर आता बकऱ्या बसतात. ज्यानं तो दगड बसवला त्याच्या हातून झालेलं तेवढंच एक लोककल्याण. पुढे एका पुराच्या साली इंजिनासकट एक सरकारी नाव आली, ती परत न्यायला कोणी फिरकलं नाही, म्हणून गावानं नाव समिती काढली. अध्यक्ष पुंडलिकराव, बाबारावांचे शेजारी. सचिव खुद्द बाबाराव. रिटायर माणसाला समितीत घेतलं नाही तर तो घरोघरी जाऊन बसतो, म्हणून गावानं त्यांना सचिव केलं होतं. बाबारावांची समजूत अशी की आपल्या तांत्रिक ज्ञानामुळे केलं.

तर या इंजिनाचे झिजणारे भाग, ते झिजून बंद पडायच्या आधीच बदलून टाकायचे, असं बाबारावांनी मे महिन्यात ठरवलं. कारण विचारलं की ते "प्रतिबंधात्मक देखभाल" असा शब्द टाकायचे आणि समोरचा गप्प व्हायचा.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांची बायको दीपमाला पलीकडच्या पांढरकुंडच्या उपकेंद्रात सिस्टर. रोज याच नावेनं जायची. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालून अर्धा दिवस एसटीत. मागच्या श्रावणात परतीच्या वेळी इंजिन मधोमध बंद पडलं. वरून पाऊस, चारी बाजूंना पाणी. नावाडी प्रेमदासनं वल्ही मारत नाव काठाला आणली. दीपमाला भिजून घरी आली, "प्लगात कचरा होता" एवढं म्हणाली, भाकर खाल्ली आणि झोपली. बाबाराव झोपले नाहीत. तेव्हापासून संध्याकाळी इंजिनाचा आवाज काठाकडून ऐकू येईपर्यंत ते अंगणात उगाच झाडाच्या वाळलेल्या काड्या मोडत बसत. आता बायकोला "तुझी काळजी वाटते" असं तोंडानं म्हणायचं, तर आपल्याकडच्या नवऱ्याला त्यापेक्षा इंजिन खोलणं सोपं.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले.

"त्याले एरंडीचं तेल पाजा," पुंडलिकराव म्हणाले. "माणसालेबी वर्षातून एकदा पोट साफ करा लागते."

"पुंडलिकराव, ते इंजिन आहे."

"मंग काय झालं? धूर तर माणसासारखाच सोडते."

प्रेमदासचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "जे चालून राह्यलं त्याले काऊन हात लावता, बाबाराव? वाघ झोपला असन तर त्याच्या मिशा मोजा लागते का?"

बाबारावांनी दोघांकडेही प्रयोगशाळेत नापास मुलांकडे बघायचे तसं बघितलं आणि तालुक्याची एसटी धरली, कारण नाव सरकारी होती आणि सरकारी वस्तूला रीतसर हात लावावा, अशा दुर्मिळ जातीचे ते नागरिक होते.

ऑफिसातल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मंग?"

"बिघडू नये म्हणून भाग बदलायचे आहेत."

आता बाबूनं मान वर केली. आत्तापर्यंत त्याच्याकडे बंद हातपंप आले होते, बंद ट्रान्सफॉर्मर आले होते, बंद पडलेले अधिकारीही आले होते. चालू वस्तू घेऊन कोणी आलं नव्हतं. "काका," तो मायेनं म्हणाला, "चालू इंजिनाची दुरुस्ती आमच्याकडे कशातच बसत नाही. बंद पडल्याचा दाखला लागते. आधी बंद पडू द्या, मंग या."

"अहो, बंद पडेल तेव्हा नाव धरणाच्या मधात असेल."

"मंग तिथून फोन करजा."

या देशात माणूस मेल्याशिवाय त्याच्या आजारावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे बाबारावांनी परतीच्या एसटीत शेजारच्या प्रवाशाला सांगितलं. प्रवासी मान हलवत होता. नंतर कळलं, झोपेत होता.

सामान स्वतःच आणायचं ठरलं. यादीत पहिलं होतं पाणी ओढणारं रबरी चाक, ज्याला इंपेलर म्हणतात. इंजिन थंड ठेवायला ते धरणाचं पाणी वर ओढतं, आणि रबर असल्यामुळे वयोमानानं कडक होतं, सासऱ्यासारखं. वर्ध्याच्या दुकानात बाबारावांनी इंपेलर मागितला. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या गाडीचा?"

"नावेचा."

"मॉडेल कोणतं?"

"अहो, नाव. पाण्यात चालते ती."

दुकानदारानं विचार केला आणि आतून कूलरचा पंप आणून ठेवला. "हा घेऊन जा. पाणीच ओढते. सारी वर्धा यावर थंडी होऊन राह्यली, तुमची नाव काऊन नाई होणार?" दुसऱ्या दुकानात ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट दाखवला. तिसऱ्यानं विचारलं, "नाव कोणाची? डुबली का?" आणि नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

शेवटी भाच्याकडून इंटरनेटवर मागवलं. आठवड्यानं फोन आला. "सर, पार्सल आहे. तुमच्या पत्त्यापाशीच उभा आहो, पण मॅप पुढं जायले सांगून राह्यला अन् पुढं पाणी आहे."

मॅपला अजून जुनंच मोहगव्हाण माहीत होतं. सरकारनं गाव हलवलं, मूर्ती हलवली, मतदार यादी तर सगळ्यात आधी हलवली. मॅपला कोणी कळवलं नव्हतं. "तिथंच थांब, पुढं नको जाऊ," बाबाराव ओरडत काठाकडे धावले, आणि तेवढ्या धावण्यात त्यांची चप्पल तुटली. हा झिजणारा भाग त्यांच्या यादीत नव्हता.

खोक्यात इंपेलर आला, प्लग आले, पेट्रोलची नळी आली, ओढायची दोरी आली. राहिली पिन. इंजिनाचा पाण्यातला पंखा दांड्यावर जिनं अडकतो ती बोटाएवढी पिन. बाबारावांनी जुनी काढून कानशीनं घासून बघितली आणि त्यांना संताप आला. पितळ. मऊ पितळ. एवढं मोठं यंत्र, बायकामाणसं घेऊन पाण्यातून जाणारं, आणि त्याची मदार या चिमूटभर पितळेवर. कंपनीनं पैसे खाल्ले, दुसरं काय. जिथं सिमेंटात राख घालतात तिथं पिनेत पितळ घालणारच.

ते तडक पुलगावला गेले. तिथल्या लेथवाल्याच्या मिशा त्याच्या दुकानाच्या पाटीपेक्षा रुंद होत्या. त्यानं पितळेची पिन चिमटीत धरून हसून घेतलं आणि पोलादाची, पाणी दिलेली, निळीशार पिन करून दिली. "ही जर तुटली, तर मी मिशी काढीन," तो म्हणाला. बाबारावांना असा शब्दाचा पक्का माणूस फार दिवसांनी भेटला होता.

अंगणात इंजिन खोललं. जोडलं. तपासायला ते पाण्यात बुडवून चालवावं लागतं, म्हणून बाबारावांनी ड्रम भरला. त्या दिवशी गावात टँकर आला होता. होय, धरणाच्या काठावरच्या गावाला मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो. हे वाचून कोणाला हसू आलं तर त्यानं एक उन्हाळा येऊन राहावं. दीपमाला ड्यूटीवरून आली तेव्हा टँकरच्या पाण्यात इंजिन गुरगुरत होतं आणि बाया रिकाम्या हंड्यांसकट कुंपणापाशी उभ्या होत्या.

"तुम्ही इंजिनाले आंघोळ घालून राह्यले," ती म्हणाली. "अन् माझ्या आंघोळीचं पाणी?"

"हे तुझ्यासाठीच चाललंय."

"मंग मले बसवा ड्रममधी."

इथं थांबले असते तर बाबाराव वाचले असते. पण सुधारणा करणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. त्याला आतून उचकी लागते. नवी दोरी कशानं झिजेल, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांच्या ध्यानात मारुती आला.

जुन्या मोहगव्हाणचा मारुतीचा ओटा नावेच्या वाटेत, पाण्याखाली होता. गाव होतं तेव्हा मारुतीसमोरून कोणी सायकलवर बसून जात नसे, खाली उतरून जायचे. तीच रीत नावेनं पुढे चालवली होती. ओटा आला की प्रेमदास इंजिन बंद करायचा, पंखा पाण्यातून वर उचलायचा, सगळे हात जोडायचे, नाव आपोआप सरकत पुढे गेली की पुन्हा पंखा खाली, पुन्हा दोरी. का, ते कोणी विचारलं नव्हतं. प्रेमदासचा बाप करायचा म्हणून प्रेमदास करायचा.

बाबारावांनी समितीची बैठक बोलावली. "प्रत्येक फेरीला दोरीला दोनदा हिसका. झीज दुप्पट. आणि मारुती आहे कुठे? मूर्ती वर, नव्या देवळात, शेंदूर लावून पंख्याखाली बसली आहे. पाण्यात काय आहे? रिकामा ओटा. आपण रिकाम्या ओट्याला हात जोडून सरकारी दोरी झिजवतो."

मुद्दा बिनतोड होता, आणि बिनतोड मुद्द्याचा गावाला फार राग येतो.

"मारुतीले विचारलं का?" पुंडलिकराव म्हणाले.

"त्याला विचारायचा ठराव कसा लिहू?"

मागच्या भिंतीपाशी मनकर्णाबाई बसली होती. जुन्या मोहगव्हाणात सून म्हणून आलेली, आता गावातली सगळ्यात म्हातारी. ती म्हणाली, "मले त् त्या ओट्यावर कधी चढूच नाई देलं, बाप्पा. बाईमाणसानं चढू नये म्हणे. थांबवा नाई त् नका थांबवू, मले काय."

ठराव पास झाला. आणि इंजिनावर इतका भरवसा असताना वल्ही आणि लांब बांबू नावेत कशाला, नुसतं वजन, म्हणून तेही काढून काठावर उद्घाटनाच्या मांडवाला उभे केले. वल्ही ठेवणं म्हणजे इंजिनावर अविश्वास दाखवणं, हे वाक्य बाबारावांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा म्हटलं.

उद्घाटन बुधवारी ठरलं, कारण बुधवारी पांढरकुंडला लसीकरण असतं आणि दीपमाला लसींचा डबा घेऊन जाणारच होती. "सिस्टरबाईंच्या हस्ते पहिली फेरी," असं जाहीर झालं. पुढे पलीकडच्या आमराईत रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याची भाजी. दीपमालानं एवढंच विचारलं, "हे वेळेवर पोचन ना? बाया लेकरं घेऊन उन्हात बसून राह्यतात. अन् डब्यातला बर्फ काही तुमच्या भाषणासाठी थांबत नाई."

"आता कधीच बंद पडणार नाही," बाबाराव म्हणाले. माणूस असं बोलतो तेव्हा त्याला अडवायला कोणी का नसतं, कळत नाही.

दोन फ्लेक्स होते, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ठोकलेले, वर्तमानपत्राएवढे. एकावर पुंडलिकरावांचा फोटो, "मार्गदर्शक". दुसऱ्यावर बाबारावांचा, "इंजिनाचे शिल्पकार". पलीकडच्या काठावर लावायला ते नावेत घेतले. नावेत प्रेमदास, पुंडलिकराव, बाबाराव, डबा मांडीवर घेतलेली दीपमाला आणि रोडग्यांच्या लालचीनं निघालेली मनकर्णाबाई. मधोमध घरून भाजून घेतलेल्या रोडग्यांची टोपली.

एका हिसक्यात इंजिन सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. काठावर टाळ्या पडल्या. बाबारावांनी दीपमालाकडे बघितलं. ती डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघत होती.

मारुती आला. प्रेमदासचा हात सवयीनं इंजिनाकडे गेला.

"ठराव," बाबाराव म्हणाले.

प्रेमदासनं हात मागे घेतला.

आता मे महिन्यात धरणात पाणी किती असतं, हे ज्याला टँकर माहीत आहे त्याला सांगायला नको. खाडकन आवाज झाला. नाव जागेवर टांग मारल्यासारखी थबकली, पुंडलिकराव रोडग्यांच्या टोपलीत बसले, इंजिनानं एक किंकाळी फोडली, आत काहीतरी दातओठ खात फिरलं आणि मग सगळं शांत.

पंखा ओट्याच्या दगडात गेला होता. एक पातं तुटलं होतं. वरच्या गियरचा भुगा झाला होता. दांडा वाकला होता. पिन तेवढी जशीच्या तशी होती. पिन तुटली नाही. पुलगावच्या मिशा सुरक्षित राहिल्या.

ती पितळेची पिन तुटण्यासाठीच असते, पंखा दगडावर आपटला की आपण मोडून बाकी इंजिन वाचवणं एवढंच तिचं काम, हे माहितीपुस्तकात चित्रासकट छापलेलं होतं. बाबारावांनी ते पुस्तक प्रस्तावनेपर्यंत वाचलं होतं.

"मले माहीत होतं," पुंडलिकराव टोपलीतून म्हणाले. "पंखा वर उचला लागते ते ओट्यासाठीच. आमचा बाप सांगे."

"मंग बैठकीत काऊन नाई बोलले?" प्रेमदास म्हणाला.

"तेव्हा आठवलं नाई."

नाव ओट्यावर रुतली होती. ती हलकी व्हावी म्हणून सगळ्यांनी उतरायचं ठरलं. आणि मोहगव्हाणची नाव समिती भर धरणात, चहूकडे पाणी, पोटरीपर्यंत बुडालेली, मारुतीच्या ओट्यावर उभी राहिली. काठावरून बघणाऱ्यांना वाटलं, उद्घाटनाचाच भाग आहे. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दीपमाला डबा डोक्यावर धरून उभी होती. बाबारावांना बायको बोलत नाही याची इतकी भीती कधी वाटली नव्हती. पलीकडच्या काठावर लिंबाच्या सावलीत रंगीत लुगडी दिसत होती. बाया येऊन बसल्या होत्या.

मनकर्णाबाईनं आधी पायानं चाचपलं. एक पायरी, दुसरी पायरी. मग ती ओट्याच्या मधोमध गेली, लुगडं आवरलं, आणि पाण्यात मांडी घालून बसली. कंबरेपर्यंत पाणी.

"बुढे, काय करून राह्यली? उठ," पुंडलिकराव म्हणाले.

"काऊन उठू? तुह्या बापानं मले इथून हाकललं होतं. लगन होऊन आल्तो, देवाले नारळ आणलं होतं हातात." तिनं दगडावरून हात फिरवला. "सारं गाव उठलं, मंग माह्यी पाळी आली. थंडं लागते बावा. चांगली जागा होती, म्हणूनच तुमी सोडत नव्हते."

पुंडलिकरावांनी आकाशाकडे बघितलं. दीपमाला त्या दिवसात पहिल्यांदा हसली, आणि मग तिचं लक्ष फ्लेक्सकडे गेलं.

"प्रेमदासभाऊ, हे दोन घ्या. वल्ही करा."

"अध्यक्षाचं तोंड पाण्यात घालता?" पुंडलिकराव म्हणाले. "आधी सचिवाचं घाला."

अशा रीतीनं मोहगव्हाणच्या इंजिनाचे शिल्पकार प्रेमदासच्या हातात, आणि मार्गदर्शक खुद्द बाबारावांच्या हातात, पाण्यात बुडत आणि वर येत निघाले. बाबारावांनी आयुष्यात एवढी मेहनत कधी केली नव्हती. दर खेपेला डावीकडून त्यांचा स्वतःचा चेहरा पाण्यातून वर यायचा, गाळ गळत असलेला, हसरा. पुंडलिकराव सूचना देत होते. मनकर्णाबाई ओला रोडगा चोखत होती.

डब्यातला बर्फ विरघळायच्या आत पोचले. दीपमाला उतरली ती मागे न बघता लिंबाखाली गेली, आणि पहिल्या लेकराचं रडणं ऐकू आलं तेव्हा बाबाराव काठावरच्या चिखलात मटकन बसले. हातांना फोड आले होते. तेवढ्यात त्यांना आठवलं की पितळेची जुनी पिन घरी शर्टाच्या खिशात आहे, आणि तो शर्ट दीपमालानं सकाळीच भिजवला असणार.

पुढचं सोपं झालं. तालुक्याच्या ऑफिसातला बाबू मोडलेलं इंजिन बघून खुर्चीतून उठला. "आता कसं, काका. रीतसर बंद आहे." त्यानं दाखला दिला, चहासुद्धा दिला. इंजिन यायला पावसाळा उजाडणार होता. तोवर नाव वल्ह्यावर चालायची, आणि प्रेमदास मारुतीपाशी वल्हीसुद्धा थांबवायचा, कारण मनकर्णाबाईला तिथं उतरून घडीभर बसायचं असायचं. पाणी चढेपर्यंत बसून घेते म्हणे. आता दोन-तीन बाया तिच्यासोबत जात. ठराव कोणी मांडला नाही.

त्या दिवसांत एका सकाळी दीपमाला ड्यूटीला निघाली. अंगणात बाबाराव काड्या मोडत बसले होते. तिनं पर्स उघडून धुतलेली, चकचकीत पितळेची पिन त्यांच्या हातावर ठेवली.

"नवं इंजिन आलं की हीच बसवजा."

"हो."

"अन् एक सांगू का?" ती चपला घालत म्हणाली. "मागच्या श्रावणापासून तुम्ही माझी वाट पाहत इथं बसून राह्यता, अन् अर्धा कडुनिंब मोडून टाकला. मले दिसते. पुढच्या खेपेला झोप नाई आली त् मले उठवत जा. इंजिन नका खोलू."

ती गेली. बाबारावांनी हातातली काडी मोडायच्या ऐवजी खाली ठेवली, आणि कोणी बघत नाही ना ते बघून तिच्या मागे काठापर्यंत गेले.